जुनी बोलेरो पॉवर प्लस : गाडी अर्धी, कागद अर्धे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या पट्ट्यात राहून ज्याला शेत, बाजार, शाळा आणि दवाखाना अशा चारही दिशांना गाडी न्यावी लागते, त्याने सहा-सात लाखांच्या आतली जुनी गाडी घ्यायची ठरवली तर महिंद्रा बोलेरो पॉवर प्लस, आणि त्यातही २०१९ च्या मध्यापासून मार्च २०२० पर्यंत तयार झालेली, ही सर्वांत शहाणपणाची खरेदी ठरेल, असे माझे मत आहे. मी अशी गाडी सहा लाख दहा हजारांना घेतली, ती पांढरकवडा, वणी, हिंगणघाट आणि नागपूर या रस्त्यांवर सर्व ऋतूंत चालवली, आणि तिच्यासाठी विम्याचा दावाही केला. म्हणून या परीक्षणात इंजिनाइतकीच जागा आरसी बुकाला आणि विम्याला दिली आहे; कारण आपल्या भागात जुनी गाडी घेताना लोक बॉनेट उघडून अर्धा तास पाहतात आणि कागद मात्र दलालाच्या हातातच दुरून पाहून परत करतात.

आधी गाडीविषयी. बोलेरो बाजारात २००० सालापासून आहे आणि ‘बोलेरो’ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या इंजिनांच्या गाड्या विकायला उभ्या असतात, हे खरेदीदाराने पहिल्यांदा समजून घ्यावे. जुन्या बोलेरोचे डिझेल इंजिन २५२३ सीसीचे होते आणि गाडीची लांबी चार मीटरहून जास्त होती. २०१६ मध्ये आलेल्या पॉवर प्लसमध्ये १४९३ सीसीचे, सुमारे ७० अश्वशक्तीचे एमहॉक इंजिन बसवले गेले आणि लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. चार मीटरच्या आतील आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना कर कमी लागतो, हे त्यामागचे कारण होते. हा फरक केवळ शोरूमपुरता राहत नाही, तो जुन्या गाडीच्या मालकालाही दरवर्षी जाणवतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहे, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे २५२३ सीसीची जुनी बोलेरो खरेदीत तीस-चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली, तरी तिचा केवळ सक्तीचा विमा दरवर्षी पाच हजारांहून अधिक महाग पडतो.

२०१९ च्या मध्याची अट मी का घालतो, तेही सांगतो. जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि त्याच सुमारास एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, हीही सर्वत्र आली. त्याआधीच्या पॉवर प्लसमध्ये या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांच्या, गाड्यांची विक्री बंद झाली आणि अधिक कडक बीएस-६ सुरू झाले. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःहून साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. ज्याची गाडी घरापासून शेतापर्यंत तीन किलोमीटर आणि तिथून परत इतकीच चालते, त्याच्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, जो तालुक्याच्या मिस्त्रीकडून सहसा विझत नाही. एअरबॅग आणि एबीएस असलेली पण हा फिल्टर नसलेली अशी ही मधली आठ-नऊ महिन्यांची गाडी आहे. तिची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३४ किंवा २०३५ पर्यंत चालते.

बसणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही गाडी उंच, सरळ आणि काटक आहे. मागे पाट्यांचे सस्पेन्शन आहे, मागच्या चाकांना जोर आहे आणि जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर आहे. माणसे आणि सामान भरल्यावर ती जास्त शांत चालते. रिकामी असताना खड्ड्यावर मागचा भाग उडतो, जो पाट्यांचा स्वभावच आहे. ६० लिटरची टाकी असल्यामुळे डिझेलसाठी वारंवार पंपावर जावे लागत नाही. महामार्गावर मला लिटरमागे चौदा-पंधरा आणि गावरस्त्यांवर बारा-तेरा किलोमीटर मिळतात. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मी लहान मुलांना बसवत नाही. आरसीवर सात आसने लिहिलेली असली तरी आडव्या बसलेल्या माणसाला धक्क्याच्या वेळी सीटचा आधार मिळत नाही. त्या जागेवर कापसाची गाठोडी आणि किराणा ठेवावा, असा माझा सल्ला आहे.

आता खरेदी. आमच्या भागात जुन्या बोलेरो तीन वाटांनी येतात: नागपूर-यवतमाळच्या दलालांकडून, फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावातून, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून. तिसरी वाट सर्वांत चांगली समजली जाते, आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही. पण शेतकऱ्याच्या बोलेरोला एक खास रोग असतो, जो शहरातील जुन्या गाड्या पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. खताच्या गोण्या. युरिया आणि इतर रासायनिक खते ओलावा धरतात आणि पत्रा खातात. मागच्या बाकांखालची मॅट उचलली, की कोपऱ्यात पांढरे दाणे चिकटलेले दिसतात आणि त्याखालचा पत्रा नखाने खरवडला तरी पापुद्रा निघतो. मी पाहिलेल्या एका गाडीत फवारणीच्या औषधाचा वास एसी लावताच बाहेर आला. मालकाने अत्तराची बाटली टांगून ठेवली होती, पण मोनोक्रोटोफॉसपुढे अत्तराचे काय चालणार! मॅट उचलू देत नसेल तर सौदा तिथेच सोडावा.

माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रीने गाडीच्या बॉनेटला हातही न लावता आधी जमिनीवर पोते अंथरले आणि तो खाली शिरला. त्याचे म्हणणे असे : “सर, गाडी पयले खालून पाहाव. वरून त सगळ्याच नवरीवानी दिसते.” बोलेरोला स्वतंत्र चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते, त्यामुळे अपघात झालेल्या गाडीचा पत्रा बदलून ती नवी दिसू शकते, पण चेसिसला मारलेला जोड लपत नाही. दोन्ही उभ्या पट्ट्यांवर बॅटरीचा उजेड टाकून शेवटपर्यंत पाहावे. वेल्डिंगची रेघ, एकाच ठिकाणी ताजा काळा रंग किंवा दोन बाजूंच्या आकारात फरक आढळला तर किंमत कमी करून घेण्याऐवजी दुसरी गाडी पाहावी. मागच्या पाट्यांपैकी एखादा जास्तीचा घातलेला असेल, तर त्या गाडीने नेमून दिलेल्यापेक्षा बरेच अधिक ओझे वाहिले आहे, असे समजावे. छताच्या कडेवर कॅरिअर काढल्याच्या खुणा, मागच्या दाराच्या पायरीची झिजलेली रबर आणि मागच्या बाकांचे फाटलेले कापड या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर पांढऱ्या नंबर प्लेटची ती गाडी प्रवासी वाहतूक करत होती. मीटरवर पासष्ट हजार किलोमीटर लिहिले असले तरी त्याला अर्थ नाही.

इंजिन सकाळी, थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर बॉनेटवर हात ठेवल्यावर कळते, आणि मग दुसऱ्या दिवशी न सांगता जावे. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जळत आहे, आणि गाडी चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर भकाभका वाफ बाहेर आली तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पाचही टायर सहा-सात वर्षांचे असतील तर त्यांची खोली कितीही दिसो, नव्या टायरांचे पैसे सौद्यातून कापून घ्यावेत. काचांवरचे वर्ष वेगवेगळे असेल तर एखादी काच का बदलली, हे विचारावे. एवढे विचारले की दलालाचा सूर बदलतो, आणि बदललेल्या सुरावरूनही बरेच कळते.

कागदांचा विषय इथून सुरू होतो. पांढरकवड्याहून निघून पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागते, त्यामुळे टीएस ०१ म्हणजे आदिलाबाद पासिंगच्या गाड्या आमच्याकडे सर्रास विकल्या जातात, आणि त्या एमएच २९ पासिंगपेक्षा स्वस्त वाटतात. तो स्वस्तपणा बहुतांशी दिसण्यापुरता असतो. बाहेरच्या राज्यातील गाडीला तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे नवी नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. दिल्लीकडच्या गाड्यांचेही तसेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथल्या दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आणल्यापासून त्या देशभर उतरत्या किमतीत पसरल्या आहेत. कराची रक्कम मिळवल्यावर त्यांतली बरीचशी स्वस्ताई संपते.

महाराष्ट्रातलीच गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल आणि ते फिटले असेल, तर बँकेचे पत्र व फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा, ज्याला सगळे ‘एचपी’ म्हणतात, तो उतरवून घ्यावा लागतो. कर्ज फेडल्याची पावती म्हणजे एचपी उतरली असे नव्हे. दलाल सह्या केलेले कोरे टीटी, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म हातात देतो आणि ‘नावावर केव्हाही करा’ असे सांगतो. हे ‘केव्हाही’ दोघांनाही महागात पडते. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक असतो आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. आपली जुनी गाडी विकताना ही गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा, नंबर प्लेट बसवलेली आहे का, थकीत ई-चलन किती आहेत आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बयाणा देण्याआधी पाहावे. या तपासणीला मोबाइलवर दहा मिनिटेही लागत नाहीत.

विम्याविषयी आमच्या दलालाने दिलेले आश्वासन शब्दशः असे होते : “इन्शुरन्स मार्चपर्यंत चालू हाये, तुमाले काई पाहाचं कामच नाई.” ते अर्धे खरे होते, आणि अर्धवट खरे असल्यामुळेच ते अधिक घातक होते. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी विकली गेली की तृतीय पक्षाच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे मानले जाते. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. ती केली नाही आणि विसाव्या दिवशी गाडी झाडावर आदळली, तर पॉलिसीचा कागद चालू असूनही दुरुस्तीचा खर्च खिशातून जातो.

नाव बदलताना कंपनी आणखी एक रक्कम मागते आणि तिथे बहुतेकांचा गैरसमज होतो. जुन्या मालकाने दावा न केल्याबद्दल मिळवलेली सवलत, म्हणजे एनसीबी, ही त्या माणसाची असते. ती गाडीसोबत विकली जात नाही. पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, अशी ती वाढत जाते, आणि ती केवळ स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागू होते, तृतीय पक्षाच्या हप्त्यावर नाही. जुन्या मालकाची सवलत ५० टक्के असेल तर उरलेल्या काळाचा फरक नव्या मालकाने भरायचा असतो. तो भरणे टाळण्यासाठी काही एजंट पुढच्या वर्षीही पॉलिसी जुन्याच नावाने काढून देतात. असा सल्ला ज्या एजंटने दिला, त्याच्याकडून दुसरा कोणताही सल्ला घेऊ नये. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर स्वतःची कमावलेली एनसीबीही जाते, हे कापूस विकून मग विमा भरू म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

फक्त तृतीय पक्ष विमा घ्यावा की आपल्या गाडीचेही नुकसान भरून देणारा सर्वसमावेशक, हा प्रश्न मला बरेचजण विचारतात. तृतीय पक्ष विमा नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० आणि त्यानंतर ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून तो सगळेच घेतात आणि थांबतात. पण टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर आपले नुकसान बहुधा दुसऱ्या गाडीमुळे होत नाही. ते रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांमुळे होते, आणि त्यांच्याकडे विमा नसतो. माझ्या गाडीवर करंजी ते वणी रस्त्यावर दिवेलागणीला एक रोही आदळली. ती उठून पऱ्हाटीत निघून गेली. बॉनेट, ग्रील, बंपर आणि एक हेडलाइट तिथेच राहिले. सर्वसमावेशक विमा असल्यामुळे दावा झाला, आणि त्याचा हिशोब इथे गोल आकड्यांत देतो, कारण घसाऱ्याचा, म्हणजे भागांच्या जुनेपणापोटी होणाऱ्या कपातीचा, अर्थ आकड्यांशिवाय कळत नाही.

एकूण बिल ३३,००० रुपये झाले. त्यात बॉनेटचे ९,००० होते. पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो, म्हणून ५,४०० मिळाले. बंपर, ग्रील आणि हेडलाइट मिळून १०,००० होते. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर गाडीचे वय काहीही असले तरी निम्मी कपात असते, म्हणून ५,००० मिळाले. मजुरीचे ६,००० पूर्ण मिळाले. रंगकामाच्या ८,००० पैकी साहित्याचा भाग एक चतुर्थांश, म्हणजे २,००० धरला गेला आणि त्यावर निम्मा घसारा लागून ७,००० मिळाले. या २३,४०० मधून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची १,००० रुपयांची वजावट गेली आणि हातात २२,४०० आले. काचेवर घसारा नसतो, हेही जाता जाता सांगतो. ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा माफ करणारे जोड-कवच, घेतले असते तर कपात जवळजवळ झालीच नसती; पण पाच-सात वर्षांवरच्या गाडीला ते बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने बिलाच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरपाईची तयारी ठेवलेली बरी. दोन-तीन हजारांचे ओरखडे असतील तर मात्र दावा करूच नये; एनसीबी गमावण्याची किंमत त्याहून जास्त होते.

दाव्याच्या कामात सर्वांत उपयोगी पडले ते घटनास्थळीच काढलेले फोटो, ज्यांत नंबर प्लेट, रस्ता आणि बॉनेटमध्ये अडकलेले रोहीचे केस एकाच चौकटीत दिसत होते. सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी यवतमाळहून आला. तोपर्यंत गाडी गॅरेजात नेली तरी एकही भाग खोलू दिला नाही, कारण पाहणीआधी सुरू झालेल्या दुरुस्तीचे पैसे मिळवणे फार कठीण जाते. केवळ आपल्याच गाडीचे असे नुकसान असेल तर पोलिसांत एफआयआरची सहसा गरज नसते. माणूस जखमी झाला, दुसऱ्याचे नुकसान झाले किंवा गाडी चोरीला गेली तर ती लागते. वन्यप्राणी जखमी होऊन रस्त्यात पडला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. विमा कंपनीने दावा अडवला आणि तक्रारीला उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही, पण आधी कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीची प्रत लागते.

पॉलिसी काढताना एजंट आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यातील किंमत, कमी दाखवून हप्ता कमी करून देतो. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांच्या सहमतीने ठरते, त्यामुळे त्याला ते सहज करता येते. पाच लाखांच्या गाडीची किंमत तीन लाख लिहिली आणि गाडी चोरीला गेली, तर तीनच लाख मिळतील. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरली जाते, त्यामुळे किंमत कमी लिहिली असेल तर सहज दुरुस्त होण्यासारखी गाडीही भंगारात जाऊ शकते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. पण तो आधीच दुसऱ्या गाडीवर घेतलेला असेल तर तसे लिहून देऊन दुसऱ्यांदा घेणे टाळता येते. घरी दुचाकी आणि चारचाकी दोन्ही असणाऱ्यांचे इथे पैसे वाचतात.

आणखी एक गोष्ट लग्नसराईतली. खासगी पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी करता येईल, हे लिहिलेले असते आणि भाड्याने प्रवासी नेणे त्यात बसत नाही. भाचीच्या वऱ्हाडाला गाडी फुकट दिली तर हरकत नाही. गावातल्या कोणाकडून भाडे ठरवून त्याचे वऱ्हाड नेले आणि अपघात झाला, तर कंपनीला दावा नाकारायला ठोस कारण मिळते. परवाना नसलेल्या पोराच्या हाती किल्ली देण्याचे परिणामही तेच.

चालवण्याविषयी थोडे. पॉवर प्लसला चारही चाकांना जोर नाही, आणि काळ्या मातीला हे लगेच कळते. पावसानंतर वापसा येईपर्यंत पांदणीत ही गाडी घालू नये. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या, की उंची कितीही असो, रिकामी मागची चाके जागच्या जागी फिरत राहतात. रोही दिसली तर ती एकटी आहे असे समजू नये. एक गेली की मागून दोन-तीन येतात. अशा वेळी स्टिअरिंग झटक्याने वळवण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक दाबावा, कारण उंच गाडी वळवताना उलटते आणि प्राणी तर वाचतोच असे नाही. कापसाच्या हंगामात रात्री दिवे नसलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांवर लोंबणाऱ्या कापसाच्या गाड्या समोर येतात, तेव्हा चाळीसच्या वर वेग नको. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली तरी बोलेरोसाठी नव्वद हा सुखाचा वेग आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर गेल्यावर टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजावी, आणि कूलंटऐवजी बोअरचे पाणी टाकू नये. त्यातल्या क्षारांनी रेडिएटर बुजतो.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर बोलेरोची उंची विसरावी. वाहते पाणी फूटभर असले तरी छोटी मोटार उचलते आणि दोन फूट असले तर बहुतेक गाड्या वाहून जातात. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत हे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे जोड-कवच लागते. नाल्याकाठी राहणाऱ्याने ते घ्यावे. माझ्या मते आपल्या भागात झिरो डेपपेक्षाही ते अधिक कामाचे आहे.

नागपूरला वरचेवर जाणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास हिंगणघाटमार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर चांगला परवडतो; तो एक वर्ष किंवा २०० वेळा टोल ओलांडणे, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालतो आणि फक्त खासगी मोटारींना मिळतो. समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा असल्याने तिथे तो लागू नाही. जुन्या गाडीच्या काचेवर आधीच्या मालकाचा फास्टॅग चिकटलेला असतो आणि एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, म्हणून तो बंद केल्याचा संदेश विकणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला पाहूनच सौद्याची शेवटची रक्कम द्यावी. नंतर तो फोन उचलेलच असे नाही.